दारातला खर्ज

दर पंधरा दिवसांनी बाबांना घेऊन मी पुण्याहून कोल्हापूरला जातो. अंतर सुमारे २३० किलोमीटरचे, रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, आणि वाटेतला एक थांबा धरून चार-साडेचार तासांचा प्रवास. बाबा अनेक वर्षे मैफलींत तानपुऱ्याच्या साथीला बसत आले आहेत, त्यामुळे गाडीत गाणे लागले की त्यांचा कान आधी तानपुऱ्याकडे जातो आणि मग गायकाकडे. २०१९ साली गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच प्रवासात कात्रजचा बोगदा मागे टाकून आम्ही खेड-शिवापूरच्या पुढे आलो, तेव्हा त्यांनी विचारले, "अरे, यात खर्ज ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगच असे आहे की गाडीचे काही आहे?" ते ध्वनिमुद्रण मी घरी असंख्य वेळा ऐकलेले होते आणि त्यात खर्ज, म्हणजे तानपुऱ्याच्या सर्वांत खालच्या, चौथ्या तारेचा स्वर, भरपूर होता. गाडीत मात्र जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा ऐकू येत होत्या, पंचम पुसट होता आणि खर्जाच्या जागी नुसतीच एक कोरडी ठक येत होती.

हा प्रश्न सोडवायला मला पुढे चार वर्षे लागली आणि त्यातही पहिला प्रयत्न फसला. गाडीची मूळ ध्वनियंत्रणा बदलू इच्छिणाऱ्यांना माझ्या चुकांचा आणि मोजमापांचा उपयोग व्हावा, म्हणून ते सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आधी स्वरांचे गणित सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घेतले. गायक काळी एक या पट्टीत, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गात असेल तर जोडाच्या तारांचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो, मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झचा आणि खर्ज षड्जाच्या बरोबर निम्मा, म्हणजे ६९.३ हर्ट्झचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर या खर्जाची एक लहर ४.९५ मीटर लांब होते. माझी हॅचबॅक चार मीटरच्या आतली आहे. म्हणजे खर्जाची एक पूर्ण लहर गाडीच्या लांबीतही मावत नाही. मूळ स्वर ऐकू आला नाही तरी त्याच्या वरच्या स्वयंभू, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनांच्या, स्वरांवरून कान तो ओळखून घेतो, आणि म्हणूनच गाडीत तानपुरा बेसुरा वाटत नव्हता. तो फक्त पोकळ वाटत होता.

गाडीत मूळचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. चार दारांत साडेसहा इंची, कागदी पडद्याचे चार स्पीकर, वेगळे ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर, नाहीत, आणि डॅशबोर्डवर स्क्रीन असलेला स्टिरिओ, ज्याला रिव्हर्स कॅमेरा आणि स्टीअरिंगवरची बटणे जोडलेली. अशा स्टिरिओच्या माहितीपत्रकात '५० वॅट गुणिले ४' असे लिहिलेले असते. तो आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण १४.४ व्होल्ट असते आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. या दोन आकड्यांवरून स्वच्छ आवाजाची शक्ती काढली तर तिची तात्त्विक मर्यादाच २६ वॅटच्या आत येते, आणि चिपमधला ऱ्हास वजा केला की हाती १८ ते २० वॅट उरतात. कारखान्यातले स्पीकर तेवढ्यावर मोठ्याने वाजावेत म्हणून त्यांचा पडदा मुद्दाम हलका ठेवलेला असतो. ते पैशांच्या मानाने चोख काम करतात, फक्त खर्जासाठी ते घडवलेले नसतात.

२०२३ च्या जुलैमध्ये मी बहुतेक जण करतात तेच केले. एका दुकानात जाऊन साडेसहा हजारांचे कोॲक्सियल स्पीकर, म्हणजे वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरच्या) मध्यभागीच छोटा ट्वीटर असलेले, पुढच्या दोन्ही दारांत बसवून घेतले. काम चाळीस मिनिटांत उरकले. वरचे स्वर उजळले, तबल्याची चाट स्पष्ट झाली, शब्द मोकळे झाले. पण खर्ज आधीपेक्षाही कमी झाला. पैसे खर्च करूनही जी गोष्ट हवी होती तीच घटली, याचा मला मनस्वी त्रास झाला आणि तेव्हाच ठरवले की पुढचे प्रत्येक पाऊल समजून घेऊनच टाकायचे.

त्या पुढच्या रविवारी दाराचे पॅड स्वतः उघडले. तारा जोडणारा मूळचा प्लास्टिकचा कपलर कापून तारा हातानेच पिळल्या होत्या आणि त्यावर टेप गुंडाळली होती. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि स्टिरिओच्या मागच्या बाजूने प्रत्येक स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवला. धन टोक धन तारेला लागले की पडदा बाहेर यायला हवा. उजव्या दारातला बाहेर आला, डाव्यातला आत गेला. डावा स्पीकर उलटा जोडला गेला होता. एक पडदा हवा ढकलत असताना दुसरा ओढत असेल तर खालचे स्वर एकमेकांना खोडून काढतात आणि वरचे स्वर जवळपास तसेच राहतात. मला जे ऐकू येत होते ते नेमके हेच. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि दुकानातून गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येकाने ती करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. फक्त वेगळ्या ट्वीटरवर ती करू नये, कारण त्याची नाजूक गुंडाळी एकदिश वीज सोसण्यासाठी नसते.

तारा सरळ केल्यावर खर्ज मूळच्या पातळीवर आला, पण त्यापुढे गेला नाही. रबरी कडांच्या जड पडद्याला जास्त शक्ती लागते. आवाज केवळ ३ डेसिबलने वाढवायचा तरी शक्ती दुप्पट करावी लागते, आणि स्टिरिओकडे ती नव्हती. एवढ्यावर थांबून मी सरळ ॲम्प्लिफायर विकत घेणार होतो. त्याआधी क्लिपा आणि कपलर आणायला नाना पेठेत गेलो असता, तिथे गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्कर काकांशी बोलणे झाले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "साहेब, स्पीकर बदला नाहीतर ॲम्प्लिफायर लावा. ज्या खोक्यात तो बसवलाय ते खोकंच भोकाभोकांचं आहे, त्याचं काय करणार?"

ते खोके म्हणजे गाडीचे दार. पॅड काढले की आत पातळ पत्र्याचा एक सांगाडा दिसतो, त्याला काचेच्या यंत्रणेपर्यंत हात जावा म्हणून मोठमोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर फक्त प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा मागच्या बाजूला बरोबर उलटा दाब तयार होतो. पाच मीटर लांबीच्या लहरीला वीतभर अंतरावरचे भोक म्हणजे उघडा दरवाजाच. मागची हवा तिथून पुढे येते आणि पुढच्या दाबाला तिथल्या तिथे खोडून काढते. घरी येऊन बाबांना हे समजावून सांगितले, तेव्हा मिरजेहून आणलेल्या आपल्या तानपुऱ्याकडे पाहत ते म्हणाले, "म्हणजे भोपळा फुटलेला तानपुरा." याहून अचूक वर्णन मला आजवर सापडलेले नाही. भोपळ्याला तडा गेला की तारा कितीही उत्तम असोत, आधी खर्ज जातो.

दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी, पाऊस पूर्ण थांबल्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दारांचे काम काढले. हँडलच्या खोबणीतला आणि आतल्या कडीमागचा असे दोन स्क्रू काढून पॅड खालच्या कोपऱ्यातून ओढले की क्लिपा एकेक करून सुटतात. त्यांतल्या काही तुटणारच, म्हणून डझनभर जादा आणलेल्या होत्या. प्लास्टिकचा कागद काढल्यावर राहणारा काळा डिंक रॉकेलच्या फडक्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण साफ केला. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला तर त्यावर चिकटवलेले काहीही उन्हाळ्यात सुटते. डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी शीट, घेताना मी ब्युटिल रबराची, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली, २ मिलिमीटर जाडीची निवडली. डांबराची शीट निम्म्या किमतीत मिळते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत डांबर मऊ पडून ओघळते आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. या एका ठिकाणी पैसे वाचवू नयेत.

पहिला थर दाराच्या बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, स्पीकरच्या बरोबर मागे आणि मधल्या मोठ्या सपाट भागावर दिला. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. सपाट भागाच्या तिसऱ्या हिश्शावर शीट नीट बसली तरी पत्र्याची थरथर थांबते. नीट बसली म्हणजे लाकडी रुळाने इतकी दाबली की फॉइलवरची नक्षी सपाट झाली. काम चालू असताना बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि मधूनमधून बोटाच्या पेराने दार वाजवून पाहत होते. शीट नसलेल्या दाराचा 'टण' आणि शीट लावलेल्या दाराचा 'ठप' यांतला फरक पार्किंगमधून जाणाऱ्या शेजाऱ्यांनाही कळत होता.

त्यानंतर आतल्या सांगाड्याची भोके. फक्त शीट ताणून लावली तर ती मोठ्या भोकावर पडद्यासारखी हलते, म्हणून प्रत्येक मोठ्या भोकाच्या मापाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून स्क्रूने बसवला आणि त्याच्या कडांवर ब्युटिलची शीट दाबली. पुढे कधी काचेची मोटर बिघडली तर तो पत्रा चार स्क्रू काढून उघडता येतो. दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मात्र मी आधीच खडूने खूण करून ठेवली होती. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात जातेच, त्याच छिद्रांतून ते खाली पडते; ती बुजली तर दार आतून गंजते. आपल्याकडच्या पावसात ही चूक पहिल्याच वर्षी महागात पडते. दोन्ही दारांना मिळून सुमारे पाच किलो वजन वाढले. बिजागऱ्यांना त्याचा काही त्रास झाला नाही, मात्र दार आता लावताना जड, भरीव आवाज येतो.

स्पीकर अजून तेच होते, ॲम्प्लिफायर नव्हता, तरीही संध्याकाळी गाणे लावले तेव्हा खर्ज होता. पुरेसा नव्हता, पण होता. सहा हजारांच्या शीटने साडेसहा हजारांच्या स्पीकरहून जास्त काम केले होते, आणि या सगळ्या खटाटोपात मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही: स्पीकर विकत घेण्याआधी दार विकत घ्यावे, म्हणजे दारावर पैसे आणि वेळ खर्च करावा. क्रम उलटा झाला तर महाग स्पीकरही त्या भोकांतून वाया जातो.

यानंतर स्पीकरची निवड सोपी झाली. बाजारात जेबीएल, पायोनियर, सोनीपासून इटलीच्या हर्ट्झ, फ्रान्सच्या फोकल आणि इस्रायलच्या मोरेलपर्यंत अनेक नावे आहेत. मी नावाऐवजी मापे पाहिली. पडद्याचा स्वतःचा अनुनाद ६० हर्ट्झच्या आसपास हवा, म्हणजे ६९ च्या खर्जाला तो उभा राहू शकतो, आणि मागच्या चुंबकाची खोली अशी हवी की काच पूर्ण खाली आल्यावर चुंबकाला टेकणार नाही. काच खाली करून, आतून पट्टीने मोजूनच मी दुकानात गेलो. साडेनऊ हजारांचा कॉम्पोनंट संच घेतला, म्हणजे वूफर वेगळे आणि ट्वीटर वेगळे. वूफर बसवायला १२ मिलिमीटर मरीन प्लायच्या कड्या सुताराकडून कापून घेतल्या. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, तयार कड्या स्वस्त असतात, पण दारातल्या ओलीने फुगतात. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये, तसेच कडी आणि पॅड यांच्यामध्ये फोमची पट्टी दिली, जेणेकरून पुढची हवा पॅडच्या आतल्या पोकळीत न जाता गाडीत येईल. जुलैमधले कोॲक्सियल मागच्या दारांत गेले आणि ते आजही स्टिरिओच्याच शक्तीवर हळू आवाजात वाजतात.

ट्वीटरची जागा ठरवायला मी आठवडा घेतला. आरशामागच्या प्लास्टिकच्या त्रिकोणात, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात आणि काचेलगतच्या खांबावर अशा तीन ठिकाणी मुलांच्या खेळायच्या चिकणमातीने ते चिकटवून रोज वेगवेगळे गाणे ऐकले. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात जवारीचा, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झणकारीचा, आवाज समोरच्या काचेवरून परतून चिरका होत होता. शेवटी आरशामागचा त्रिकोणच ठरला, आणि मगच ड्रिल हातात घेतले. ज्यांच्या गाडीत काचेलगतच्या खांबातून पडद्यासारखी एअरबॅग उघडते त्यांनी त्या खांबाला हातही लावू नये.

स्टिरिओ बदलायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण कॅमेरा आणि स्टीअरिंगची बटणे त्यावरच चालतात. म्हणून चार चॅनेलचा, आतच डिजिटल प्रक्रिया करणारा म्हणजे डीएसपी असलेला ॲम्प्लिफायर घेतला, जो स्टिरिओच्या स्पीकरच्या तारांतूनच आवाज उचलतो. कारखान्याच्या कपलरला बसणारा तयार हार्नेस, म्हणजे जोडतारांचा जुडगा, मिळाल्याने या वेळी एकही तार कापावी लागली नाही, आणि जुलैत कापलेल्या तारांना काकांनी डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह चढवली. असा ॲम्प्लिफायर चालू कसा होतो याचे मला कुतूहल होते. स्टिरिओ चालू असताना त्याच्या स्पीकरच्या तारांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६ व्होल्टचा स्थिर दाब असतो. तो ओळखून ॲम्प्लिफायर जागा होतो आणि तो नाहीसा झाला की झोपतो.

विजेच्या तारेबाबत काकांचे ऐकले हे फार बरे झाले. सगळी मिळून शक्ती २६० वॅटच्या घरात, म्हणजे कमाल गरज तेवीस-चोवीस अँपिअरची. त्यासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची तार आणि ३० अँपिअरचा फ्यूज पुरेसा होता. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार त्याच जाडीत खूप स्वस्त मिळते. काकांनी दोन्ही नमुन्यांचा एकेक धागा ब्लेडने खरवडून दाखवला. एक आतून लालच राहिला, दुसरा चांदीसारखा पांढरा निघाला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावताना ते म्हणाले, "हा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवायला नाही साहेब, वायरीला वाचवायला आहे. वायर मध्ये कुठे घासली तर आग तिथे लागते." इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार नेताना मूळच्या रबरी ग्रोमेटमधूनच, सायकलच्या ब्रेकच्या तारेच्या साहाय्याने ती ओढून घेतली. अर्थिंगसाठी सीटखालच्या पत्र्याचा रंग पॉलिश कागदाने खरवडून, तिथे लग घट्ट बोल्ट करून, वरून व्हॅसलीन लावले. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरायचा नसतो.

आवाजाची पातळी कानाने न लावता मल्टिमीटरने लावली. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर पाहिले तर स्टिरिओच्या ४० पैकी ३३ पर्यंत लहर गोल राहत होती आणि ३४ ला तिचे माथे सपाट होत होते. म्हणून स्टिरिओ ३३ वर ठेवून, स्पीकर सोडवून, ४०० हर्ट्झचा एकसुरी स्वर लावला आणि वूफरच्या चॅनेलचा गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज किती पट करतो ते, १२.६ व्होल्टपर्यंत नेला. हा आकडा ४० वॅट आणि ४ ओहम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळातून येतो. गेनचे बटण आवाज वाढवण्यासाठी नसते, दोन यंत्रांची पातळी जुळवण्यासाठी असते, ही गोष्ट समजली की अर्धे स्पीकर जळायचे वाचतील.

सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालच्या स्वरांचा स्पीकर, घेताना पुन्हा खर्जाचाच विचार केला. मला खिडक्या हलवायच्या नव्हत्या, आणि कोल्हापूरहून परतताना गूळ, तांदूळ आणि बाबांच्या पुस्तकांसाठी डिकी रिकामी हवी होती. म्हणून डिकीत मोठे खोके न ठेवता चालकाच्या सीटखाली बसणारा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला आठ इंची सबवूफर घेतला. जोडल्याबरोबर दोन अडचणी आल्या. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. सबवूफर आणि डीएसपी यांची अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी होती, ती एकाच बोल्टवर आणल्यावर शिट्टी थांबली.

दुसरी अडचण गंभीर होती आणि तिच्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. डीएसपीमध्ये ८० हर्ट्झला विभागणी केली होती, म्हणजे त्याखालचे स्वर सबवूफरला आणि वरचे दारांना. ६९.३ हर्ट्झचा स्वर लावून पाहिला. एकटा सबवूफर चांगला वाजत होता, एकटी दारे बेताची वाजत होती, आणि दोन्ही एकत्र लावली की आवाज एकट्या सबवूफरपेक्षाही कमी येत होता. विभागणीच्या सीमेवरचा स्वर दोन्हीकडून येतो, आणि दोन्हीकडच्या लहरी एकाच वेळी कानाशी पोहोचल्या नाहीत तर एकमेकींना खातात. माझा खर्ज बरोबर त्या सीमेवरच उभा होता. सबवूफरची धन-ऋण दिशा उलटी केल्यावर निम्मे काम झाले. अंतरावरून काढलेला विलंब दिला तरी पूर्ण जुळेना, कारण सबवूफरच्या आतल्या गाळणीचाही स्वतःचा विलंब असतो आणि तो मोजपट्टीने कळत नाही. मग विलंब अर्ध्या मिलिसेकंदाच्या टप्प्यांनी वाढवत गेलो आणि आवाज जिथे सर्वांत भरला तिथे थांबलो.

खर्ज भरला, पण तो सीटखालून येत होता. जोडाच्या तारा समोर, पंचम समोर, आणि चौथी तार मांडीखाली; एकच तानपुरा दोन ठिकाणी तुटल्यासारखा वाटत होता. त्यावर उपाय सापडला तो दारांमुळेच. दारे आता बंद आणि भरीव असल्याने त्यांतले वूफर आणखी खाली उतरू शकत होते, म्हणून विभागणी ८० वरून ६० हर्ट्झवर आणली आणि विलंब पुन्हा जुळवला. त्याक्षणी खर्ज सीटखालून उठून डॅशबोर्डवर, बाकीच्या तीन तारांशेजारी जाऊन बसला. सबवूफरकडे उरला तो पखवाजाच्या डाव्या तोंडाचा आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा तळ. आज हे काम नव्याने करायचे झाले तर साडेबारा हजारांचा सबवूफर मी सर्वांत शेवटी घेईन, आणि ख्याल ऐकणाऱ्याने तो घेतला नाही तरी चालेल, असे माझे मत आहे.

चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवे दार कानाला जवळ पडते. माझ्या डोक्यापासून उजवा वूफर ८५ सेंटिमीटरवर आणि डावा १३० वर आहे. ४५ सेंटिमीटरचा हा फरक भरून काढायला उजव्याला १.३१ मिलिसेकंद थांबवले, ट्वीटरनाही त्याच हिशेबाने. यानंतर गायक उजव्या दारातून उठून समोर मधोमध आला. पण हे फक्त चालकासाठी खरे असते. डावीकडच्या सीटवर आवाज आणखीच एका बाजूला झुकतो. बाबा डावीकडे बसतात, म्हणून त्यांच्या डोक्यापासून सगळी अंतरे पुन्हा मोजून दुसरी मांडणी साठवून ठेवली आणि कोल्हापूरच्या प्रवासात तीच लावतो.

इक्वलायझरला, म्हणजे वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीला, मी कमीत कमी हात लावला. मोजमापाचा माइक डोक्याच्या जागी फिरवत पिंक नॉइजची, म्हणजे सगळे स्वर एकत्र असलेल्या चाचणीच्या खरखरीची, नोंद घेतली, तेव्हा गाडीच्या पोकळीमुळे ८५ हर्ट्झच्या आसपास आणि काचांमुळे अडीच हजाराच्या आसपास असे दोन उंचवटे दिसले. ते चार-चार डेसिबलने खाली आणले, आणि जिथे खड्डा होता तिथे काहीही भरले नाही. परावर्तनाने पडलेला खड्डा शक्ती ओतून भरत नाही. ब्लूटूथऐवजी पेनड्राइव्हवरच्या एफएलएसी, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणाऱ्या, फाइल वापरतो, कारण तारांची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, संपत जातानाचा शेवटचा भाग त्यात अधिक टिकतो असा माझा आणि बाबांचा अनुभव आहे. नंतरचे दोन आठवडे खडखड शोधण्यात गेले: मागची नंबरप्लेट, हँडलमागची तार, खिशातले नाणे. प्रत्येक ठिकाणी फोमचा तुकडा लागला.

डीएसपी २१,००० रुपयांचा, तारा, फ्यूज आणि हार्नेस ४,२०० चे आणि किरकोळ १,८०० धरून एकूण खर्च ५५,००० रुपये झाला. जुलैचे साडेसहा हजार वेगळे. २०२४ चा पावसाळा पूर्ण गेल्यावर दोन्ही पॅड पुन्हा उघडून पाहिली. निचऱ्याची छिद्रे मोकळी होती, प्लायच्या कड्या कोरड्या होत्या, आणि शीटचा एकच कोपरा सुटला होता, जिथे मी डिंक नीट पुसला नव्हता.

त्यानंतरच्या एका प्रवासात, खंबाटकी घाट चढून आम्ही सुरूरच्या बाजूला उतरत होतो. तेच जुने ध्वनिमुद्रण लागले होते. बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मग विलंबित संपता संपता त्यांनी आवाज थोडा कमी करायला सांगितले आणि म्हणाले, "दोन तानपुऱ्यांतल्या एकाचा पंचम उतरलाय. गाणे सुरू झाल्यावर मिळवायला सवडच मिळाली नसणार त्याला." घरी आल्यावर मी हेडफोन लावून ऐकले. पंचम उतरलेला होता.